ड्रीमलायनरचे सुटे भाग

बोइंग ७८७ ड्रीमलायनर हे विमान अमेरिकन, पण त्याचे पंख जपानी. नागोयामध्ये मित्सुबिशी ते बनवते. त्याच परिसरात कावासाकीकडे पुढच्या धडाचा एक भाग आहे, तर सुबारूकडे दोन्ही पंख जिला जोडले जातात ती मधली पेटी. धडाचे मधले भाग इटलीतल्या ग्रोत्ताल्येहून येतात, नाक अमेरिकेतल्या विचिटाहून, प्रवाशांचे दरवाजे फ्रान्समधून आणि सामानाचे स्वीडनमधून. केबिनच्या जमिनीखालच्या तुळया नागपूरच्या मिहानमध्येही, टाटा समूहाच्या कारखान्यात, बनल्या आहेत.

अवाढव्य भाग वाहायला बोइंगने चार जुनी ७४७ विमाने फुगवून घेतली. त्यांची शेपूट दारासारखी बाजूला वळते आणि आत अख्खा पंख मावतो.

पूर्वी बोइंग आराखडे द्यायची, पुरवठादार त्यानुसार भाग बनवायचे. ७८७ च्या वेळी मात्र मोठ्या भागीदारांवर भागांचा तपशीलवार आराखडा, वायरिंगसह जुळणी आणि खर्चाचा वाटाही सोपवला गेला. पोटपुरवठादारही त्यांनीच निवडायचे होते. तयार भाग आले की अंतिम जुळणी तीन दिवसांत उरकेल, असा हिशेब होता. कागदावर तो छानच दिसत होता.

८ जुलै २००७ रोजी बोइंगच्या एव्हरेटमधल्या कारखान्यातून पहिले विमान थाटात बाहेर काढले, तेव्हा ते आतून जवळपास पोकळ होते. भाग अर्धवट पोहोचले होते. काय उरले आहे याची कागदपत्रेही धड नव्हती. त्यात टंचाई पडली ती फास्टनरची, म्हणजे भाग जोडणाऱ्या बोल्टसारख्या खिळ्यांची. हे बनवणारे कारखाने मोजकेच, म्हणून बरेच भाग तात्पुरत्या फास्टनरवर जोडलेले होते. पहिले उड्डाण थेट १५ डिसेंबर २००९ रोजी झाले. जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला पहिले विमान मिळाले सप्टेंबर २०११ मध्ये, तीन वर्षांहून अधिक उशिरा. दरम्यान, मागचे धड बनवणारा चार्ल्स्टनचा कारखाना बोइंगने विकतच घेतला.

भागीदारांच्या यादीखाली कच्च्या मालाचा थर आहे. विमानाच्या वजनात निम्मा वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा. हे तंतू तोरे या जपानी कंपनीचे. कार्बनला टेकले की ॲल्युमिनियम लवकर गंजते, म्हणून अशा अनेक जागी महागडे टायटॅनियम लागते. त्याचा मोठा पुरवठा रशियातून होई. युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये, बोइंगने ही खरेदी थांबवली.