२२ लाखांची रांग, सव्वा लाख जागा

४ मे २०२५ च्या दुपारी २२ लाख ९ हजार मुलामुलींनी एकाच वेळी नीटचा पेपर सोडवला. प्रत्येकाला अर्धा मीटर जागा देऊन या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, तर ती रांग अकराशे किलोमीटरच्या पुढे जाईल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा अख्खा रस्ता भरला, तरी ४०० किलोमीटरची रांग शिल्लक राहते.

आता जागा मोजू. सरकारी, खासगी आणि अभिमत मिळून देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत. आमणेपासून मोजत निघालो, तर ६२ किलोमीटरवर, इगतपुरी यायच्या आतच, त्या संपतात. मध्यमवर्गीय घराला झेपतील अशा सरकारी जागा साधारण निम्म्या, आणि त्या तर ठाणे जिल्हाही ओलांडत नाहीत. प्रत्यक्षात राज्याचा ८५ टक्के कोटा, आरक्षणाचे प्रवर्ग, वेगवेगळ्या फेऱ्या यांमुळे रांगा अनेक होतात, पण एकूण लांबी बदलत नाही.

त्या वर्षी पात्र ठरलेल्यांची संख्या होती १२ लाख ३६ हजार. ही रांग ६१८ किलोमीटरची, म्हणजे थेट वर्धा जिल्ह्यात पोचणारी. इगतपुरीच्या अलीकडून वर्ध्यापर्यंत साडेपाचशे किलोमीटरवर अकरा लाख मुलं उभी आहेत. ती नीट पात्र आहेत आणि त्यांच्यासाठी देशात एमबीबीएसची जागा नाही. कमी मार्क मिळालेल्या मुलामुलींविषयी बोलायचं, तर या अकरा लाखांविषयी बोलायला हवं. निकालानंतरच्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी जे निर्णय होतात, त्यांची किंमत पुढची दहा-पंधरा वर्षं मोजावी लागते.

कमी म्हणजे किती?

आधी बारावीची भीती बाजूला ठेवू. खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. ती अट पुरी झाली की बारावीला ५५ टक्के मिळवणारा आणि ९५ टक्के मिळवणारा एकाच पायरीवर येतात. पुढचं सगळं नीटवर.

नीटमध्ये १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सगळे प्रश्न सोडवायचे म्हटलं, तर उत्तरपत्रिका भरण्याचे जितके प्रकार होतात ती संख्या १०९ अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या ८१ अंकीच भरते. त्या अफाट ढिगात ७२० मार्कांची उत्तरपत्रिका फक्त एक. कुणी डोळे मिटून प्रत्येक प्रश्नाचा एक गोल काळा केला, तर सरासरी ४५ मार्क पडतात. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाचा पात्रतेचा कटऑफ होता १४४. म्हणजे ३००-४०० मार्क मिळवणारा मुलगा ‘ढ’ नक्कीच नाही. त्यानं भरपूर अभ्यास केलेला आहे. त्याच्यापुढे गर्दी आहे, एवढंच.

ही गर्दी किती दाट? उणे १८० पासून ७२० पर्यंत ९०१ आकडे येतात. २२ लाख मुलं त्यांवर सारखी वाटली, तर दर मार्कावर सुमारे २,४५० जण बसतात. एक बरोबर उत्तर चुकलं की पाच मार्क जातात, म्हणजे सरासरीनं बारा हजारांहून जास्त मुलं पुढे निघून जातात. प्रत्यक्षात वाटणी सारखी नसते: शिखरावर विरळ, मधल्या पट्ट्यात याहून दाट.

शिवाय मार्कांचं मोल दरवर्षी पालटतं. २०२४ मध्ये केंद्रनिहाय निकालानुसार ७०० किंवा त्याहून जास्त मार्क मिळवणारे २,३२१ जण होते. २०२५ मध्ये असा एकही नाही. देशात पहिला आलेल्याचे मार्क ६८६. एका वर्षात मुलं मठ्ठ झाली नाहीत, पेपर अवघड निघाला. म्हणून शेजारच्या ताईला गेल्या वर्षी अमुक मार्कांवर जागा मिळाली, ही तुलना व्यर्थ आहे. बघायचा तो रँक आणि राज्याच्या मेरिट लिस्टमधला क्रमांक.

पुन्हा एक वर्ष?

चारशेवरून पाचशेवर जायला काय लागतं? वीस चुकलेले प्रश्न बरोबर यायला हवेत. १८० मध्ये २०, म्हणजे दर नऊ प्रश्नांमागे एक. त्यासाठी क्लासची जाहिरात वाचण्याआधी स्वतःची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी ठेवून बसावं. चुका तीन-चार धड्यांत गोळा झाल्या असतील, तर वर्ष देण्यात अर्थ आहे. अख्खा विषयच कोरा असेल, तर आणखी एक वर्ष आपोआप काही भरून काढत नाही. नीट किती वेळा द्यावी आणि कमाल वय किती असावं, याला नियमात मर्यादा नाही. म्हणूनच ती मर्यादा घरानं ठरवायला हवी, आणि ती निकालाच्या आधी ठरवायला हवी.

पैशाचा आकडा

अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. वीस लाखच धरले, तरी साडेचार वर्षांचे नव्वद लाख. एवढं कर्ज दहा टक्के व्याजानं पंधरा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता जवळजवळ ९७ हजार, आणि एकूण परतफेड पावणेदोन कोटींच्या आसपास. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. शेत किंवा घर तारण ठेवण्याआधी हा हप्ता कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांनी वाचावा. कर्ज एकट्या मुलाचं नसतं, ते अख्ख्या घराचं असतं.

परदेशाची वाट

परदेशातल्या कॉलेजात प्रवेश सोपा असतो. नीटची पात्रता पुरते. कठीण दार शेवटी आहे. १८ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत बारा महिने इंटर्नशिप, मग भारतातली परवान्याची परीक्षा आणि पुन्हा बारा महिने इंटर्नशिप करावी लागते. परवान्याच्या परीक्षेत ३०० पैकी १५० मार्क हवेत, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. तरीही जून २०२५ च्या सत्रात ३६,०३४ जणांनी ती दिली आणि ६,७०७ उत्तीर्ण झाले. २९,३२७ जण परत अभ्यासाला बसले. यात पुन्हा पुन्हा बसणारेही असतात, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते, हे खरं. पण सहा वर्षं आणि लाखो रुपये घालवून आलेल्या शंभरातले एका वेळी अठरा-एकोणीसच पार होतात, हा आकडा कुठल्याही एजंटाच्या रंगीत माहितीपत्रकात छापलेला नसतो.

रांगेबाहेरचे रस्ते

नीटच्याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएसचे प्रवेश होतात. बीएस्सी नर्सिंगची राज्यात वेगळी सीईटी आहे. देशात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर जवळजवळ चौदा लाख, आयुष डॉक्टर साडेसात लाख, आणि नर्सिंगमधली नोंदणी ३९ लाखांच्या पुढे. दवाखान्यात रोग्याजवळ उभं राहणाऱ्या माणसांत डॉक्टर संख्येनं कमी आहेत. ज्याला रुग्णसेवाच करायची आहे, त्यानं या रस्त्यांकडे उरलेला पर्याय म्हणून बघू नये. ज्याला मात्र शस्त्रक्रियाच करायची आहे, त्यानं बीएएमएसला ‘नंतर बघू’ म्हणून प्रवेश घेऊ नये. त्यामुळे स्वतःवरही अन्याय होतो आणि त्या शास्त्रावरही.

कुठलीही वाट निवडताना तिथल्या लोकांना एक प्रश्न नक्की विचारावा: सात-आठ वर्षांपूर्वी इथे किती जणांनी प्रवेश घेतला, आणि त्यातले किती जण आज नोंदणी करून काम करत आहेत? प्रवेशाचे आकडे सगळेच सांगतात. बाहेर पडलेल्यांचा आकडा जी संस्था किंवा जो एजंट सांगू शकत नाही, त्याच्या हातात पहिला चेक देऊ नये. आणि निकालानंतरच्या त्या दिवसांत आईबाबांनी मुलाला मार्कांची आठवण जरा कमी करून द्यावी. १७-१८ वर्षांच्या मुलाला या गणिताचं ज्ञान आणि घरच्यांची साथ, दोन्ही एकाच वेळी लागतात.