डिसेंबरची कात्री, फेब्रुवारीचा गुलाब

फुलवाल्याच्या बादलीत उभा असलेला लांब दांड्याचा लाल गुलाब बाजारात ‘डच गुलाब’ म्हणून ओळखला जातो. नाव परदेशी, पण आपल्याकडचा बराचसा माल येतो मावळातून. तळेगाव दाभाडे इथं औद्योगिक विकास महामंडळानं फुलशेतीसाठी वेगळी जागा राखली. आसपासच्या गावांतही भातखाचरांच्या शेजारी पॉलिहाऊसची पांढरी छपरं उभी राहिली. हवा सौम्य आणि मुंबईचा विमानतळ आवाक्यात, ही त्याची साधी कारणं.

या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित बरंचसं एका तारखेवर टांगलेलं असतं. ती तारीख १४ फेब्रुवारी. फांदी छाटल्यापासून नवा फुटवा येऊन कळी तोडणीला येईपर्यंत थंडीत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. परदेशी जाणारा माल जानेवारीच्या अखेरीपासून निघतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाडाला कात्री लागते. पुढे पौष येतो. लग्नाचे मुहूर्त थांबतात, बाजार मंदावतो. झाडं रिकामी असल्याचं दुःख त्या दिवसांत तरी थोडं कमी असतं.

खरा घोर थंडीचा. गुलाबाला रात्री पंधरा-सोळा अंश मानवतात. पारा त्याखाली उतरला की कळी रेंगाळते, लाल पाकळ्यांच्या कडा काळपट होतात. म्हणून ऊन कलायच्या आत बाजूचे पडदे खाली सोडायचे, दिवसाची ऊब आत कोंडायची. पण हवा कोंडली की दमट होते आणि पानांवर भुरी, डावणी येते. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे रोज आकाश बघून ठरवावं लागतं. उलट, आभाळ येऊन उकाडा झाला तर कळ्या आठवडाभर आधीच तयार! मग त्या दोन ते चार अंशांच्या शीतखोलीत ठेवायच्या. तिथं दिवस लांबवता येतात, पण फार नाही. फूल आधी आलं तर भाव नसतो, उशिरा आलं तर गिऱ्हाईकच नसतं. आम्ही कवींनी गुलाबावर इतकं लिहिलं, पण भुरीवर कुणी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

युरोपच्या बाजारात आपल्या फुलाची गाठ केनिया आणि इथिओपियाच्या फुलाशी पडते. त्यात विमानाचं भाडं वाढलं की निर्यातीतला नफा तिथंच आटतो. म्हणून अनेकांना आता देशातला बाजारच बरा वाटतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर माल पुण्याच्या गुलटेकडीला, मुंबईत दादरला आणि तिथून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचतो. वीस फुलांची गड्डी. दांडा जितका लांब, तितका भाव जास्त.

तालुक्याच्या गावातल्या फुलवाल्याचं दुकान मात्र एका गुलाबावर चालत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना त्याच्याकडे शेवंती लागते. रात्र लांबली की शेवंती फुलते, म्हणून हा तिचा हंगाम. काही बागाईतदार तर रात्री दिवे लावून तिला फसवतात आणि फूल लांबणीवर टाकतात. गुलछडी थंडीत आखडते, मोगरा तर उन्हाळ्याचाच. त्यामुळे हिवाळ्यातला गजरा महाग पडतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. त्यात वर्षानुवर्षं टिकणारी प्लास्टिकची फुलं शेजारच्याच दुकानात लटकलेली.

आमच्या चौकातला फुलवाला बाराच्या सकाळी दुपटीनं गड्ड्या घेतो. दांड्याचं टोक तिरकं कापतो, खालची पानं काढतो, बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या मात्र हात न लावता ठेवतो. आतली कळी त्याच जपतात. चौदाच्या रात्री दहापर्यंत तो उभाच असतो. पंधराला उरलेल्या गुलाबांना कुणी विचारत नाही. मग बायको आणि तो बसून पाकळ्या सुट्या करतात आणि किलोवर विकतात. थोड्या लग्नाच्या मांडवात जातात, थोड्या दर्ग्यात.