सांडपाण्यातली ऊब

आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी पैसे मोजून तापवलेलं असतं आणि मोरीतून जाताना त्यातली बरीच ऊब शिल्लक असते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 2010 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी फॉल्स क्रीकच्या काठी खेळाडूंची वसाहत उभी राहिली, तेव्हा महापालिकेनं ही ऊब परत घ्यायचं ठरवलं. कॅम्बी पुलाखाली, सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनलाच जोडून, तिनं त्यासाठी केंद्र बांधलं.

सांडपाणी असतं साधारण वीस अंशांचं. एवढ्यावर खोली तापत नाही. उष्णता मुबलक असते, पण ती कमी तापमानाची. म्हणून हीट पंप लागतो.

आधी पाणी चाळून घन मैला वेगळा काढतात आणि पुन्हा गटारात सोडतात. हे काम कंटाळवाणं, पण सगळं त्यावरच अवलंबून. उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर चिकट थर बसला की उष्णता पुढे सरकत नाही. मग धातूच्या भिंतीपलीकडे असलेलं शीतक त्या पाण्याची ऊब घेऊन उकळतं. कमी दाबाखाली ते अगदी कमी तापमानालाही उकळतं, खुबी तीच. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो, तापमान चढतं, आणि ती वाफ द्रवरूप होताना स्वच्छ पाण्याला उष्णता देते. नंतर झडपेतून दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू. आपल्या फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते ती याच कारणानं.

हिशेब करून पाहा. सेकंदाला 100 लिटर सांडपाणी 5 अंशांनी थंड केलं, तर सुमारे 2.1 मेगावॅट उष्णता मिळते. कॉम्प्रेसरला एक मेगावॅट वीज लागली, तर तीही उष्णता होऊन त्यातच मिळते. एकूण तीन मेगावॅट! अर्थात वीज कोळशाची असेल तर या हिशेबाची शान बरीच उतरते. व्हँकुव्हरची वीज मुख्यतः जलविद्युत आहे.

गरम पाणी जमिनीखालच्या उष्णतारोधक नळांतून इमारतींकडे जातं. तिथे त्याची उष्णता इमारतीच्या पाण्याला मिळते. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, सांडपाणी तर दूरच. थंड झालेलं पाणी केंद्राकडे परततं. इमारतीत वेगळा बॉयलर लागत नाही. मात्र नळ महाग पडतात, म्हणून मोठी गटारवाहिनी आणि दाट वस्ती शेजारी असेल तिथेच हे परवडतं. शिवाय पाणी फार थंड करूनही चालत नाही, कारण पुढच्या शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू गारठ्यात मंदावतात.

कडाक्याच्या थंडीत वाढीव भार नैसर्गिक वायूचे बॉयलर उचलतात. पुलाजवळ हाताच्या बोटांसारखी, दिव्यांची नखं लावलेली धुराडी दिसतात, ती त्यांची. हीट पंपाला धुराडं लागतच नाही.