ऑर्कनीच्या आभाळांत हैदराबादचें नांव

नांदेड-लातूरचा आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा कांहीं संबंध असेल, असें आमच्या वाचकांस सहसा वाटणार नाहीं. इकडे गोदावरीचा कांठ, मांजरेचें खोरें, काळी जमीन आणि वैशाखाचें ऊन; तिकडे सतत घोंगावणारा वारा, झाडांवांचून उघडें रान आणि हिंवाळ्यांत जेमतेम सहा तासांचा दिवस. परंतु दुसऱ्या महायुद्धांत या दोन टोंकांना जोडणारा एक धागा होता, आणि तो उलगडून पाहण्याजोगा आहे.

मराठवाडा त्या काळीं निजामाच्या संस्थानांत होता. नांदेड जिल्ह्याचें ठिकाण होतें. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. निजामानें १९१८ सालीं ब्रिटिश हवाई दलाच्या एका पथकास सगळीं विमानें दान केलीं, आणि त्या पथकास हैदराबादचें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत आणखी दोन पथकांस तें नांव लाभलें. त्यांतलें एक २५३ क्रमांकाचें ‘हैदराबाद स्टेट’ पथक. मोगली चिलखतांतला हात आणि त्या हातांत परशु, हें त्याचें बोधचिन्ह. नांव तेवढें आपल्याकडचें, वैमानिक तिकडचे. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई लढाईंत हें पथक हरिकेन विमानांनिशीं लढलें, आणि १९४१ च्या फेब्रुवारींत तें ऑर्कनीवरील स्कीब्रे या तळावर गेलें. सप्टेंबरपर्यंत त्याचा मुक्काम तेथेंच होता.

तेथें त्याचें काय काम होतें? ऑर्कनी बेटांच्या कुशींत स्कापा फ्लो नांवाचा विस्तीर्ण सागरी आसरा आहे. ब्रिटिश आरमाराचा मुख्य तळ त्या काळीं हाच होता. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्रीं एक जर्मन पाणबुडी तेथें शिरली आणि तिनें ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडविली. आठशेंहून अधिक खलाशी गेले. पुढें १६ मार्च १९४० रोजीं जर्मन विमानांनीं बाँब टाकले, त्यांत ब्रिज ऑफ वेथ या वस्तींतील जेम्स इस्बिस्टर हा तरुण मरण पावला. त्या युद्धांत ब्रिटनच्या भूमीवर हवाई हल्ल्याचा बळी झालेला तो पहिला नागरिक. तो सैनिक नव्हता. आपल्या घरापाशींच होता.

या बेटांवरची वस्ती वीस हजारांच्या आसपास. युद्धाच्या भरांत तेथें आलेल्या सैनिकांची संख्या याच्या दुपटीहूनहि अधिक झाली. घरच्यांपेक्षां पाहुणेच अधिक झाले म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या भगिनींस सांगावयास नको! शेतकऱ्यांच्या जमिनींवर एकामागून एक चार विमानतळ उभे राहिले. बेटावर येण्याजाण्यास परवाना लागूं लागला. हिंवाळ्यांत दुपार कलतांच काळोख होई आणि खिडक्यांवर काळे पडदे ओढावे लागत. जूनमध्यें मात्र मध्यरात्रींहि आभाळ पुरतें अंधारत नसे. शहरांत शिधापत्रिकेवर मोजून मिळणारें दूधदुभतें येथें घरचें होतें. जवाच्या भाकऱ्या होत्या. दूध आणि अंडीं सैनिकांस विकून गृहिणींच्या हातीं चार पैसे आले. १९४२ पासून इटालियन कैदी आले. बेटें जोडणारे बांध घालतां घालतां त्यांनीं पत्र्याच्या दोन अर्धगोल झोंपड्यांचें एक सुंदर प्रार्थनामंदिर केलें. तें अद्यापि उभें आहे.

आतां या धाग्याचें दुसरें टोंक पाहूं. विमानांचा पैसा राजाच्या खासगींतून आला असो वा संस्थानच्या तिजोरींतून, त्याचा उगम रयतेच्या साऱ्यांतच होता. त्या रयतेस मात्र कोणीं विचारलें नव्हतें. सभा भरविण्यासहि सरकारी परवानगी लागे. अशा दिवसांत महाराष्ट्र परिषदेचीं अधिवेशनें १९३८ सालीं लातुरास आणि १९४१ सालीं नांदेड जिल्ह्यांतील उमरीस भरलीं. हैदराबादचें पथक ऑर्कनीवर पहारा करीत होतें तें वर्षहि १९४१ च. हैदराबादेंतील उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाची भाषा उर्दू होती. तेथें ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून १९३८ सालीं काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना पुढें नागपूरनें आसरा दिला. नांदेडास पीपल्स कॉलेज मिळालें तें १९५० सालीं, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रयत्नानें. तिकडे एका राज्याच्या नांवाचीं विमानें स्वातंत्र्यासाठीं लढत होतीं, आणि इकडे त्याच राज्यांत मराठी माणूस आपली भाषा आणि आपला हक्क मागत होता.

युद्ध आपल्या आभाळांत आलें तें १९४८ सालीं. लातूरपासून जवळच्या बीदरच्या धावपट्टीवर सिडनी कॉटन नांवाच्या वैमानिकानें कराचीहून चोरून शस्त्रें आणलीं. सप्टेंबरांत भारतीय विमानांनीं त्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली. आज स्कीब्रेचा तळ बंद आहे. बीदरला भारतीय हवाई दलाचे वैमानिक शिकतात.

दानावर दात्याचें नांव कोरण्याची रीत जुनीच आहे. तें दान ज्यांच्या घामांतून आलें, त्यांचीं नांवें कोठेंच कोरलीं जात नाहींत. ऑर्कनीच्या ज्या घरांवर हीं विमानें घिरट्या घालीत, त्यांच्याबद्दल आमच्या मनांत किंतु नाहीं. तीं घरेंहि आपल्यासारखींच, न मागतां आलेलें युद्ध सोसणारीं. परंतु आमच्या वाचकांस एक विनंती आहे. घरांत नव्वदीच्या घरांतले कोणी आजी-आजोबा असतील, तर देवघरांत दिवा लागल्यावर त्यांच्यापाशीं बसावें आणि त्या काळच्या साऱ्याची, शाळेची आणि अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरची हकीकत विचारून ती लिहून ठेवावी. पथकांचा इतिहास हवाई दल जपतें. घरांचा इतिहास घरांनींच जपावा लागतो.