उसनवारीचें संगीत

'संगीतांत भेसळ झाली' ही तक्रार घराघरांतून नेहमीं ऐकूं येते. वडीलधाऱ्यांस तरुणांची गिटार कर्कश वाटते, तर तरुणांस वडिलांची चिंता अनाठायीं वाटते. या वादांत कोणा एकाची बाजू घेण्यापूर्वीं न्यूयॉर्क येथील दोन वादकांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

चे चेन गिटार वाजवितात आणि रिक ब्राउन ताल सांभाळतात. 'सेव्हंटी-फाइव्ह डॉलर बिल' हें त्यांच्या जोडीचें नांव. ब्राउन यांचें मुख्य वाद्य म्हणजे प्लायवुडचें एक साधें खोकें! त्यावरच बसून ते त्यावर ठोके देतात. जोडीला खुळखुळे असतात. शब्द नाहींत, गाणें नाहीं. एकच लहानशी सुरावट आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते, आणि रॉक संगीताचा खरखरीत दणकटपणा तिच्या अंगीं असतो.

या सुरावटींचें एक मूळ मात्र अमेरिकेंत नाहीं; तें सहाराच्या पश्चिम टोकास, मॉरिटानिया देशांत आहे. तेथें गाणेंबजावणें हा कांहीं घराण्यांचा पिढीजात व्यवसाय होय. पुरुष 'तिदिनित' हें तंतुवाद्य छेडतात, स्त्रिया 'आर्दिन' नामक वीणा वाजवितात. त्यांच्या संगीतांत आपल्या थाटांची आठवण करून देणाऱ्या स्वरपद्धति आहेत. 'कर्र' पासून आरंभ करून 'लेब्तैत' पर्यंत ठराविक क्रमानेंच जावयाचें, असा त्यांचा दंडक आहे. शिवाय 'काळा' व 'पांढरा' असे वादनाचे मार्गही वेगळे मानलेले आहेत.

२०१३ सालीं चेन या देशीं गेले आणि तेथील नामवंत वादक जैश उल्द शिघाली यांच्यापुढें शिष्य म्हणून बसले. येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. गुरूंच्या हातींही विजेची गिटारच होती! पाश्चात्यांचें हें वाद्य तेथील वादकांनीं आधींच आपलेंसें केलें होतें. त्याच्या पडद्यांत फेरफार करून आपले बारीक स्वर त्यांतून काढले होते. म्हणजे उसनवारी प्रथम मॉरिटानियानें केली, आणि न्यूयॉर्कचा वादक आपलेंच वाद्य नव्यानें शिकावयास तेथें गेला.

आपल्या पेटीचें उदाहरण यापुढें ठेवून पाहावें. तीही युरोपांतून आली. तिच्या ठरीव सुरांत श्रुति बसत नाहींत, म्हणून १९४० सालीं रेडिओनें तिला दार बंद केलें, आणि तें कित्येक वर्षें उघडलें नाहीं. आम्ही पेटीस बाहेर ठेवलें. मॉरिटानियाच्या वादकांनीं वाद्यासच आपल्या सुरांपुढें वांकविलें.

या जोडीच्या 'आय वॉज रिअल' या ध्वनिमुद्रिकेस लंडनच्या 'द वायर' मासिकानें २०१९ सालच्या यादींत पहिलें स्थान दिलें. पण थोड्या दिवसांच्या शिकवणीनें कोणी पिढीजात गवई होत नाहीं. कीर्तीचा प्रकाश शिष्यावर अधिक आणि गुरूवर कमी पडतो, हें शल्यही उरतेंच.

तरी भेसळ आणि मिलाफ यांतील भेद येथें स्पष्ट दिसतो. दुसऱ्याचा अलंकार उचलून मिरविणें ही भेसळ. त्याच्यापुढें बसून त्याची शिस्त शिकणें हा मिलाफ. घरांतील तरुणानें गिटार हातीं घेतली, तर तिचा आवाज किती मोठा हें विचारण्याआधीं, तो कोणापुढें शिकावयास बसला आहे, हें वडिलांनीं विचारावें.