गाळा भाड्याचा, पण गाडी लावायची कोणाच्या जागेत?

जव्हार आणि मोखाडा ही दोन्ही डोंगरावरची गावे. रेल्वे नाही. नाशिक, त्र्यंबक, विक्रमगड, कसारा, कुठूनही माल यायचा तर तो रस्त्यानेच येतो. त्यामुळे या भागातल्या दुकानदाराचा धंदा त्याच्या गाळ्याइतकाच गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेवरही चालतो. किराणावाल्याचा टेंपो तिथे रिकामा होतो. वेल्डिंगवाला, गॅरेजवाला, गादीवाला यांचे निम्मे काम तिथेच होते. ओळीत जागा शिल्लक होती तोवर कोणी काही विचारले नाही. आता मालकाच्या मुलाची जीप आली, शेजारच्या गाळेवाल्याने पिकअप घेतली, घरोघरी मोटारसायकल झाली आणि भांडणे सुरू झाली. जव्हारच्या उरुसाला किंवा दसऱ्याला तर पाय ठेवायलाही जागा नसते.

हे भांडण गाडीपासून सुरू होते, पण पुष्कळ वेळा गाळा जाण्यावर येऊन थांबते. म्हणून कायदा काय म्हणतो हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

आधी जागा कोणाची ते पाहा

दुकानासमोरची जागा तीन प्रकारची असू शकते.

पहिला प्रकार सार्वजनिक रस्त्याचा. गटारापलीकडची पट्टी मालकाचीही नाही आणि भाडेकरूचीही नाही. ‘माझ्या दुकानासमोर आहे’ म्हणून तिच्यावर कोणाचा हक्क बसत नाही. तिथे गाडी लावण्याचे भाडे मालक मागू शकत नाही. दुकानदारालाही दगड किंवा ड्रम ठेवून ती अडवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वाहनतळाच्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे आणि त्यासाठी त्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा असतो. म्हणजे जव्हारला नगर परिषद, मोखाड्याला नगर पंचायत. इथे वाद असेल तर मालकाशी हुज्जत घालू नये. ओळीतल्या सर्व दुकानदारांनी मिळून तिथे लेखी अर्ज द्यावा आणि माल उतरविण्यासाठी ठरावीक वेळ व जागा मागावी.

दुसरा प्रकार मालकाच्या खासगी जागेचा, म्हणजे अंगण, पडवी, मागची मोकळी जमीन. खरा वाद इथेच होतो.

तिसरा प्रकार शेजाऱ्याच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या जमिनीचा. मालक खुशाल सांगतो, ‘लावा तिथे गाडी.’ पण जी जागा मालकाची नाही ती त्याला देताही येत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहिल्याशिवाय अशा शब्दावर विसंबू नये.

अंगण भाड्यात धरले जाते का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यात ‘जागा’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. इमारतीला लागून असलेली बाग, मोकळी जमीन, गॅरेज आणि बाहेरची खोली ही, भाड्याने दिलेल्या भागाशी जोडलेली असतील तर, त्या जागेतच मोडतात. म्हणून गाळा घेतल्या दिवसापासून अंगण त्याच गाळ्यासाठी वापरात असेल, तर ‘मी फक्त चार भिंती दिल्या होत्या’ हे मालकाचे म्हणणे सहज टिकत नाही. पण अंगण चार गाळ्यांमध्ये सामाईक असेल तर एकट्या भाडेकरूला ते आपले म्हणता येणार नाही.

हा कायदा सरसकट सगळ्या गावांना लागू नाही. अनुसूचीत ज्या शहरांची आणि गावांची नावे आहेत तिथेच तो लागू होतो. आपले गाव त्यात आहे का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. जिथे तो लागू नाही तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चालतो. त्यात भाडेकरूचे संरक्षण बरेच कमी आहे. वेगळा करार नसेल तर दुकानाचे भाडे महिनेवारी धरले जाते आणि १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येते. कारखान्यासाठी घेतलेल्या जागेला ६ महिन्यांची नोटीस लागते. मात्र नियमित भाडे भरणाऱ्याला मुदतभर जागेचा निर्वेध उपभोग घेता आला पाहिजे, हे तत्त्व त्याही कायद्यात आहे.

‘वीस वर्षे इथेच लावतोय’

हे वाक्य प्रत्येक भांडणात ऐकू येते. वीस वर्षांच्या वहिवाटीने सुविधाधिकार मिळतो हे खरे, पण तो शेजाऱ्याच्या जमिनीवर. भाडेकरूला आपल्याच मालकाच्या जमिनीवर अशा वहिवाटीने हक्क मिळत नाही. मालकाने सलोख्याने गाडी लावू दिली असेल तर कायद्याच्या भाषेत ती परवानगी ठरते आणि परवानगी सामान्यपणे मागे घेता येते. मग जुन्या वापराला किंमत नाही काय? आहे. जागा भाड्यात धरलेली होती, हे सिद्ध करायला तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

भाडेकरू कुठे फसतो?

गाडीच्या वादात रागाने केलेल्या गोष्टी मालकाला आयत्या सापडतात.

एक, भाडे बंद करणे. ‘जागा देत नाही, मग भाडेही नाही’ असे म्हणणारा स्वतःच थकबाकीदार होतो. भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस मिळतात. ते घालवले तर गाळा खाली करून मागण्याचा दावा उभा राहतो. मालक भाडे घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवावे आणि पावती जपावी.

दोन, पत्र्याची पक्की शेड उभारणे. पावसाळ्यात टेंपो भिजतो म्हणून खांब गाडून छप्पर केले आणि मालकाची लेखी संमती नसली, तर कायम स्वरूपाचे बांधकाम केल्याच्या कारणावरून जागा जाऊ शकते.

तीन, आपल्या वाट्याची जागा दुसऱ्याच्या गाडीसाठी पैसे घेऊन देणे. हा पोटभाड्याचा आरोप ओढवून घेण्याचा मार्ग आहे.

चार, शेजाऱ्यांना त्रास. गॅरेजच्या गाड्यांनी दुसऱ्याचे दार रोज अडत असेल तर उपद्रव हेही जागा काढून घेण्याचे कारण आहे.

मालकाला काय करता येत नाही?

रातोरात तारेचे कुंपण घालणे, कुलूप लावणे, सामान बाहेर फेकणे हे मालकाला करता येत नाही. ताब्यातल्या जागेतून कायदेशीर मार्गाशिवाय काढले गेले तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. पण दावा ६ महिन्यांच्या आत केला पाहिजे. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे, गाडीच्या रागातून वीज किंवा पाणी तोडल्यास न्यायालय ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश देऊ शकते. त्याच कायद्याखाली भाडे वर्षाला ४ टक्क्यांपर्यंतच वाढविता येते. भाड्यात आधीच धरलेल्या अंगणाचे ‘पार्किंग’ म्हणून वेगळे पैसे लावणे ही मागच्या दाराने केलेली भाडेवाढ आहे, असे भाडेकरूला न्यायालयापुढे मांडता येते.

आदिवासी मालकाची जमीन : विशेष सावधगिरी

जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. टेंपो लावायला किंवा लाकूड, विटा, भंगार ठेवायला आपले लोक पुष्कळदा आदिवासी बांधवाची जमीन तोंडी बोलीवर घेतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यावरच नव्हे, तर भाडेपट्ट्याने देण्यावरही बंधन आहे. ५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्याहून अधिक मुदतीला शासनाचीही मान्यता हवी. मंजुरी नसेल तर पैसे आणि जागा दोन्ही जातात. हा कायदा गरिबाची जमीन वाचविण्यासाठी आहे. तो पाळणे आपल्या धंद्याच्याही हिताचे आहे.

गाळा मशीद किंवा दर्ग्याच्या वक्फ मिळकतीतला असेल तर मुतवल्लींच्या तोंडी शब्दावर राहू नये. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला वक्फ मंडळाची पूर्वमंजुरी लागते.

करारात काय लिहावे?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ११ महिन्यांचा करारही या कलमातून सुटत नाही. पार्किंगसाठी पुढीलप्रमाणे चार ओळी घालाव्यात :

‘गाळ्यासमोरची १० फूट बाय १५ फूट मोकळी जागा या भाड्यात धरलेली आहे. तिथे भाडेकरूची एक मालवाहू गाडी व ग्राहकांच्या दुचाकी उभ्या राहतील. मोठी गाडी फक्त माल उतरविण्यापुरती, सकाळी ९ पूर्वी येईल. ये-जा करण्याची ४ फूट वाट कोणीही अडविणार नाही.’

मापे आपापल्या जागेप्रमाणे घालावीत आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडून दोघांनी सह्या कराव्यात.

मुंब्रा, भिवंडी, कल्याणला ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही. फ्लॅट भाड्याने देताना-घेताना पार्किंग सोसायटीच्या कोणत्या ठरावाने मिळाले आहे ते विचारावे.

शेवटी समेट

जुन्या गाळ्याचा करार नसेल तर आजच नकाशा काढा, फोटो ठेवा, भाडेपावती मागा. मालकाने पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. वाद झालाच तर ओळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बसवून ठरेल ते लिहून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत जाता येते. दावा दाखल होण्यापूर्वीचा वादही तिथे घेतात. तिथल्या समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्यावर अपील नाही. गाडीच्या दहा फुटांसाठी दहा वर्षे दिवाणी दावा लढण्यापेक्षा एका दिवसाचा लेखी समेट दोघांच्याही गल्ल्याला स्वस्त पडतो.