निवड कोणाची?

देवाला सगळं आधीच ठाऊक आहे आणि त्याच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही, असं एकदा मानलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मग माणसाच्या निवडीला अर्थ काय? आपल्याकडे प्रारब्ध आणि प्रयत्न यांचा वाद जुनाच आहे. पण प्रारब्ध झालं तरी ते आपल्याच कर्माचं फळ. ख्रिस्ती धर्मविचारात प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण तिथे निर्णय घेणारा दुसराच कोणी आहे आणि त्याला प्रेमळ पिता म्हटलेलं आहे. पित्याने काही लेकरं तारणासाठी निवडली आणि काही सोडून दिली, तर ती कशावरून?

पाचव्या शतकाच्या आरंभी हा वाद पहिल्यांदा नीट रंगला. मूळ ब्रिटनचा पेलागियस म्हणे, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची कुवतही दिलेली असणार. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचं उत्तर असं, की माणसाची इच्छाच मुळात आजारी आहे. कृपेने ती बरी झाल्यावाचून तिला चांगलं हवंसंच वाटत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचं मत नाकारलं. पण एक धागा मोकळाच राहिला. देवाने कृपा देऊ केली, तर ती माणूस झिडकारू शकतो का?

हा धागा हॉलंडमध्ये याकोबुस आर्मिनियस याने पुन्हा हाती घेतला. हा काही बंडखोर नव्हे. सुधारक कॅल्व्हिनच्या गादीवर बसलेल्या बेझाकडे तो जिनिव्हात शिकलेला. नंतर पंधरा वर्षं त्याने अॅमस्टरडॅममध्ये पाळकाचं काम केलं. १६०२ च्या सुमारास तिथे प्लेगची साथ आली, तेव्हा तो आजाऱ्यांच्या घरी जात असे. अशा वेळी अंथरुणावरचा माणूस तत्त्वज्ञान विचारत नाही. ‘मी निवडलेल्यांत आहे ना?’ एवढंच त्याला हवं असतं. पुस्तकातला सिद्धांत तिथे खरा कसाला लागतो.

१६०३ मध्ये आर्मिनियस लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे त्याची गाठ सहकारी गोमारुसशी पडली. आर्मिनियसचं म्हणणं, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसतं आणि त्यांनाच तो निवडतो. गोमारुसचं म्हणणं नेमकं उलट: देवाने निवडलं म्हणूनच माणूस विश्वास ठेवतो. मला विचाराल तर आर्मिनियसचा आक्षेप वजनदार वाटतो. सगळं देवानेच ठरवलं असेल, तर पापाचा कर्ताही तोच ठरत नाही का? पण गोमारुसची धास्तीही पोकळ नव्हती. विश्वास ठेवणं हे माझं कर्तृत्व मानलं, की शेजाऱ्यापेक्षा मी बरा हा ताठा मागच्या दाराने आत येतोच.

आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या चाळीसहून अधिक अनुयायी पाळकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं आणि वाद रस्त्यावर आला. त्यात राजकारण मिसळलं. देशातला सर्वांत वजनदार मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याने स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम घडवून आणला होता. दोन्ही मतांच्या लोकांनी एकाच चर्चमध्ये नांदावं, असं त्याला वाटे. सेनापती राजपुत्र मॉरिसला हा युद्धविराम पसंत नव्हता. तो गोमारुसच्या पक्षाला जाऊन मिळाला. नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ट्रेख्ट शहरात धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीतूनही प्रतिनिधी आले. आर्मिनियसच्या अनुयायांना मात्र आरोपी म्हणून बोलावलं आणि जानेवारीत सभेबाहेर काढलं. पुढे सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. १३ मे १६१९ रोजी एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टचं हेगमध्ये डोकं उडवलं. आरोप देशद्रोहाचा होता. कायदेपंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत लपून तो तुरुंगातून निसटला. ही पेटीची युक्ती त्याच्या बायकोची.

आता या सभेचा निर्णय वाचला की चकित व्हायला होतं. निवड सर्वस्वी देवाची, हे तिथे ठासून सांगितलेलं आहे. पण कृपा माणसाची इच्छा मोडत नाही, त्याला निर्जीव वस्तूसारखं ढकलत नाही, असंही त्याच निर्णयात आहे. इकडे आर्मिनियसनेही कृपेवाचून माणूस पहिलं पाऊल टाकू शकेल असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे माणूस कळसूत्री बाहुली आहे असं जिंकलेल्यांनी म्हटलं नाही, आणि तो आपल्या बळावर तरतो असं हरलेल्यांनीही नाही. उरलं काय, तर दिलेली कृपा नाकारता येते की नाही एवढंच. त्यावर इतकं सगळं झालं.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हाच वाद जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या दोन मित्रांत पेटला. वेस्ली आर्मिनियसचा, व्हाइटफील्ड कॅल्व्हिनचा. मुंबई-पुण्यातल्या मेथडिस्ट चर्चचं मूळ या वेस्लीकडे जातं, तर ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे ते डॉ. जॉन विल्सन कॅल्व्हिनच्या स्कॉटिश परंपरेतले. वेस्ली आणि व्हाइटफील्ड यांचं जाहीर भांडण झालं, पत्रकं निघाली, अनुयायी फुटले. मतं मात्र कोणाचीच बदलली नाहीत. १७७० मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये प्रवचन केलं ते वेस्लीने. तशी इच्छा व्हाइटफील्डनेच सांगून ठेवली होती.